जेवणाच्या टेबलावरचा डोंगर

३ मार्च

वही, काल आपण कुठं थांबलो होतो, सांग बघू. नाही आठवत ना? वाटलंच! तुम्हा अक्षरवाल्यांचं असंच — लिहून ठेवलं की डोक्यातून गेलं. मी एकही अक्षर शिकले नाही, म्हणून माझ्या सगळं ध्यानात आहे. आपण थांबलो होतो जिन्यावर.

तर जिना. चार मजले, बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही. खुब्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. मागच्या महिन्यात नात ऑफिसला गेली आणि मी एकटीच उतरायला निघाले. अकरा पायऱ्या उतरले! बाराव्या पायरीला पाय म्हणाले, आता तुझं तू बघ. बसले तिथंच. दूधवाल्यानं पाहिलं, त्यानं फोन केला, नात धावत आली. तेव्हापासून ती बाहेर गेली की दाराला बाहेरून कडी. "आजी, रागावू नकोस गं, दोनच तास." मी कशाला रागावू? कोंबडी कधी खुराड्यावर रागावलेली पाहिलीय?

लिहिताना नातीनं तोंड वाकडं केलंय. लिही गं, तेही लिही.

५ मार्च

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या हिमालय आहे. नात सहलींच्या ऑफिसात कामाला — मालकीणबाई, ही आणि एक ड्रायव्हर, एवढंच ऑफिस. अर्धं काम घरी आणते. तिकडच्या जंगलांची बारा दिवसांची सहल आखतेय. सकाळी पक्षी बघायचे, दुपारनंतर गावं, लाकडी देवळं, हातमाग, गाणी. येणार कोण, तर वीस निवृत्त माणसं. नकाशा एवढा मोठा की आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. काल मी मिठाचं भांडं एका हिमनदीवर ठेवलं तर केवढी ओरडली!

तिनं मला आखणी वाचून दाखवली. दिवस तिसरा: जेवणानंतर पाच किलोमीटर चढ. मी म्हटलं, "यातल्या कुणाला मारायचं ठरलंय?" चढ सकाळी नेला. दिवस चौथा: गावकऱ्यांशी संवाद, चार ते पाच. "आणि पाचला काय, तोंडं मिटायची? एखादी बाई सासूबद्दल सांगायला लागली आणि पाच वाजले तर?"

नात हसली. मग वेळ खोडली आणि 'दुपार' एवढंच लिहिलं. म्हणाली, "आजी, तुला ऑफिसात ठेवायला हवं."

"ठेव की. आधी खाली तर ने."



८ मार्च

पक्ष्यांचे आवाज! नातीच्या फोनमध्ये साठवलेत. सहलीला येणाऱ्यांना आधी पाठवायचेत, म्हणून ती रोज ऐकते आणि रोज विसरते. मी खिडकीशी बसून ऐकते. मोठा तांबट — उंबऱ्यात बसून कुणीतरी गाऱ्हाणं सांगतंय, संपतच नाही. छोटा पिंगळा — घुबडाच्याच जातीतला, पण भरदिवसा बोलतो; एकच गोष्ट चार वेळा सांगणारी मास्तरीण. निळा कस्तूर ओढ्याकाठी राहतो. पाण्याच्या आवाजावर चढून शीळ घालतो, जसा एखादा माणूस भांडी घासताना स्वतःशीच गातो.

संध्याकाळी परीक्षा झाली. नातीला नऊ आले, मला सव्वीस. चिडली! "तू लिहून कसं ठेवतेस डोक्यात?"

लिहून ठेवत नाही बाई, तोच तर फायदा.

११ मार्च

व्यायामवाली आली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी येते, नात ऑफिसात असते तेव्हा. कडी तीच काढते, तीच लावून जाते. चांगली आहे, फक्त पाय वर करायला लावते तेव्हा माणुसकी विसरते.

बोलता बोलता म्हणाली, म्हाताऱ्या माणसांच्या त्या घरात — डेपोमागचं, बैठं — तिथंही ती जाते. मी म्हटलं, नाव काढू नकोस. माझी मैत्रीण तिथं होती. भेटायला गेले होते तर सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून, सगळी माणसं टीव्हीकडे बघत, आणि टीव्ही बंद! घरी येऊन मी सगळ्यांना बजावलं: मला तिथं टाकलंत तर मरेपर्यंत बोलणार नाही. मी बोलणार नाही म्हणजे केवढी मोठी शिक्षा, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

१२ मार्च

कडी. खिडकी. कडी.

१४ मार्च

आज ऊन फार. डोळे मिटतायत. एवढंच.

आजी झोपलीय. हे मी लिहितेय, तिची नात. कुठंतरी लिहायला हवं आणि हीच वही हातात आहे. काल मालकीणबाईंनी विचारलं — सहल तू आखलीस, माणसांना तूच घेऊन जा. याआधी दोन सहलींना मी 'नाही' म्हणाले होते. या वेळी म्हणाल्या, "आता पुन्हा विचारणार नाही." आजही मी त्यांना 'नाही' असंच कळवलं. आठ वर्षं नकाशावर बोट फिरवतेय, डोंगर एकदाही पाहिला नाही. कडी लावून दोन तास जाता येतं, बारा दिवस कसं जाणार? आईबाबा बदलीच्या गावी, तिला तिथली थंडी सोसत नाही. आजीला यातलं काही कळता कामा नये. तिचा काय दोष.

१५ मार्च

आज वहीला सांगण्यासारखं काही नाही. नातीनं पान उलटलं, ते मात्र पाहिलं.

१८ मार्च

आज अक्षर वेगळं आहे, वही. गोंधळू नकोस. ही व्यायामवाली लिहितेय. पाय आज तसेच राहू दे म्हटलं.

त्याचं असं. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं. मी एक वाक्य बोलले की नात साधारण किती ओळी खाते, ते मी रोज बघत असते. चौदा तारखेला मी बोलले एवढंस्सं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पान खालपर्यंत काळं! मी म्हटलं, ही वही माझ्यापेक्षा जास्त बोलायला कधी लागली?

आज व्यायामवालीला ते पान वाचायला लावलं. आधी नको म्हणत होती. "आजी, हे तुमच्या नातीचं खाजगी आहे." म्हटलं, माझ्याच वहीत बसून कसलं खाजगी? वाच.

वाचलं. मग दोनदा वाचायला लावलं. मला एकदा ऐकलं की पुरतं, तरी दोनदा.

इतके दिवस मला वाटत होतं की कडी माझ्या दाराला आहे. आत मी, बाहेर ती. मस्त टोमणे मारत होते — कोंबडी काय, खुराडं काय! आणि ती मुकाट लिहून घेत होती.

व्यायामवालीनं विचारलं, "रडताय का?" म्हटलं, नाही, तुझा व्यायाम आठवला.

या पानाला पिना मारायला सांगितल्या. नातीनं विचारलं तर गुडघ्यांचं खाजगी आहे म्हणून सांगायचं.

२१ मार्च

पुन्हा व्यायामवालीच्या हातचं. पुन्हा पिना.

तिच्याकडून मालकीणबाईंना फोन लावून घेतला. म्हटलं, "मी आजी. ती सहल घेऊन जाणार आहे, दुसरं कुणी ठरवू नका."

त्या म्हणाल्या, "पण तिनं तर 'नाही' म्हणून कळवलंय!"

"ती काहीही कळवते. तिला पक्षी फक्त नऊ ओळखता येतात, तेवढं मात्र सांभाळून घ्या."

मग कागद. डेपोमागच्या घराचे. व्यायामवालीनं दोन आणले. पांढरा महिन्याचा, पिवळा कायमचा. मला समजावून सांगत होती कुठला कुठला ते. अगं, रंग मला वाचता येतात! आयुष्यात किती ठिकाणी अंगठा लावला — लग्नाच्या कागदावर, घराच्या, ऑपरेशनच्या. दर वेळी दुसऱ्या कुणीतरी हात धरून टेकवला. आज मी स्वतः शाईत बुडवला. ती म्हणाली, "आजी, नक्की ना?" म्हटलं, नीट उमटलाय का तेवढं बघ.

२२ मार्च

भांडण! मालकीणबाईंनी तिला माझ्या फोनचं सांगितलं, मग पानाचं आणि डेपोमागच्या घराचं मीच सांगितलं. नातीनंच लिहायचं असं मी म्हटलं. तिनं पेन फेकला होता, मग उचलला. आता लिहितेय, पण अक्षर रागात आहे, ते मलासुद्धा दिसतंय.

"कुणाला विचारून ठरवलंस?"

"तू कुणाला विचारून नाही म्हणालीस?"

"आणि माझं लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला दिलंस!"

"वही माझी. न विचारता तू आत शिरलीस आणि ऐसपैस बसलीस."

"तूच म्हणायचीस ना, तिथं टाकलंत तर बोलणार नाही?"

"मग नाही बोलणार. तू जा."

यावर हसली, आणि हसताना रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. केवढं जड डोकं! आठ वर्षांचे नकाशे भरलेत त्यात.

"महिनाच ना, आजी? मी आले की लगेच घरी?"

"महिनाच. लिही. महिनाच."

लिहिलंस? बरं.

२ एप्रिल

टेबलावरचा हिमालय गुंडाळला. टेबल केवढं मोठं आहे! मिठाचं भांडं मधोमध ठेवलं. कुणी ओरडलं नाही.

७ एप्रिल

खाली उतरले! चौघांनी खुर्चीतून उतरवलं, ड्रायव्हर पुढं, व्यायामवाली मागं, "सावकाश, सावकाश". नात बाजूनं माझी पिशवी आणि ही वही घेऊन. मी पायऱ्या मोजल्या. बाराव्या पायरीला म्हटलं, थांबा, इथं माझी जुनी ओळख आहे. कुणाला कळलं नाही. नातीला कळलं.

रस्ता पाहिला सहा महिन्यांनी. समोरच्या शिंप्यानं दुकानाला निळा रंग दिलाय. कुणी मला सांगितलंच नाही.

इथं, डेपोमागच्या घरात आल्यावर नातीनं माझं कपाट लावलं, चपला खाटेखाली ठेवल्या, परत काढल्या, परत ठेवल्या. म्हटलं, निघ, तुझे वीस म्हातारे वाट बघतायत. "आणि तांबट गाऱ्हाणं सांगायला लागला की मध्येच उठू नकोस."

खुर्च्या अजून टीव्हीकडेच तोंड करून आहेत. मी माझी फिरवून घेतली.

१८ एप्रिल

आज लिहितायत शेजारच्या खाटेवरच्या बाई. चाळीस वर्षं ऑफिसात टायपिंग केलंय. सांगितलं तेवढंच लिहितात, एक ओळ जास्त नाही. म्हणून आज सांगते.

सकाळी नातीचा फोन आला. बोललीच नाही, फोन नुसता बाहेर धरला. आधी पाणी. मग त्याच्यावर चढून शीळ. म्हटलं, निळा कस्तूर, आणि तुझ्या डाव्या हाताला ओढा आहे. तिकडून वीस म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा आवाज असा मोकळा मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. मालकीणबाईंनी पुढची सहलही देऊ केलीय, पण ती म्हणाली, "ते बघू गं. तीन दिवसांनी सहल संपली की तुला घरी नेते."

मी बरं म्हटलं. अंगठा पिवळ्या कागदावर आहे. ते ती आल्यावर, समोरासमोर.

"येताना इथून काय आणू?" तिनं विचारलं.

म्हटलं, अक्रोड आण. फोडलेले नकोत, कवचासकट. फोडलेले महिन्याभरात खवट होतात.