नीट केलेली वाक्यं

मंगळवार, १८ ऑगस्ट २००९
अड्यार, हॉस्पिटलमध्ये, संध्याकाळ

मुग्धाचं तोंड आजही सारखं हलतंय, काहीतरी चघळत असल्यासारखं. तोंडात काही नाही. मी बोट घालून पाहिलं.

पंधरा दिवसांपूर्वी पोरगी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून रडत घरी आली. सगळे माझ्यावर नजर ठेवतात, म्हणाली. मानसोपचारवाल्यांनी ताण म्हणून गोळ्या दिल्या. मग तिचं तमिळ गेलं, इंग्रजी गेलं, मराठी तेवढं राहिलं. ती काय म्हणते ते डॉक्टरांना मीच तमिळमध्ये सांगायचे.

आज दुपारी मेंदूचे डॉक्टर आले. "अम्मा, ती पूर्ण वाक्यं बोलते ना?" मी हो म्हणाले.

का म्हणाले? ती बोलायची, "पाणी खिडकी आई खिडकी." मी सांगायचे, तिला खिडकीपाशी बसून पाणी प्यायचंय. बँकेत वीस वर्षं लोकांचे अर्ज नीट करून देते, तशी तिची वाक्यं नीट करून दिली. लाज वाटत होती, दुसरं काय.

राहवेना. व्हरांड्यात गाठून त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली असावी. पाठीतलं पाणी उद्या सकाळीच तपासायला घेऊ, स्टेरॉइड लगेच सुरू करू. हे आठवड्यापूर्वी कळायला हवं होतं, असंही म्हणाले.

"आता ती बोलेल ते जसंच्या तसं लिहून ठेवा."

म्हणून ही वही उघडून तिच्या उशाशी बसले आहे. दुपारपासून ती एक शब्द बोललेली नाही. तोंड मात्र हलतंय.