गाडी दोन इंच खाली

५ ऑक्टोबर, रविवार
लुईझा आजही मिस्साला आली नाही. "घरीच बरं," म्हणाली आणि भाजी निवडत बसली. चर्चच्या दारात शेजारच्या आग्नेलने विचारलंच, "आज पन नाय आली?" काय सांगणार!

खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय. काठी घेऊन घरभर फिरते. पण ग्लेनची ही गाडी म्हणजे माडी आहे. मुलगा कुवेतला जाताना ठेवून गेला – "पप्पा, वापरा." वापरतो. पण सीट पार तिच्या कमरेशी येते. रिक्षात हादरे बसतात म्हणून डॉक्टरांनी रिक्षा बंद केली. खाली पाट ठेवून बघितला, तर तो चर्चसमोरच कलंडला, पडता पडता वाचली. मग मीच तिला उचलून बसवायला लागलो. काही रविवार चाललं तसं, आणि एक दिवस तिने यायचंच सोडलं. लाजते, दुसरं काय. नवरा या वयात चारचौघांत उचलतो म्हणून.

इथे लिहायला हरकत नाही – तिला उचललं की हर्नियाच्या जुन्या टाक्यांपाशी ओढ बसते. मग दार लावून गाडीच्या मागे जातो आणि पोट धरून जरा उभा राहतो. कुणाला कळत नाही. तेच बरं.

७ ऑक्टोबर
शेवंतीला पाणी घालताना म्हणाली, "मृतांच्या दिवशी आईच्या कबरीवर माझ्या वाटची मेनबत्ती तूच लाव यंदा."

२ नोव्हेंबर तिने लग्नानंतर एकदाही चुकवलेला नाही. ग्लेनच्या वेळी दिवस भरत आले होते, तरी गेली होती. फादर पहिल्या शुक्रवारी घरी येऊन कम्युनियन देतात. कबर कोण घरी आणणार?

ती गाडीपर्यंत चढत नसेल तर गाडी तिच्यापर्यंत उतरवायची. ठरलं.

९ ऑक्टोबर
विरारला फुलपाड्यात संकेतच्या गॅरेजमध्ये गेलो. गाड्या खाली बसवण्यात त्याचं नाव आहे म्हणे. मला बघून म्हणाला, "काका, मुलासाठी का? एकदम रोडला चिकटवून देतो, सॉलिड दिसेल." म्हटलं, बायकोला बसायचंय. तो हसला नाही. एवढ्यावरच माणूस मला आवडला.

दुपारभर समजावत होता. आखूड स्प्रिंग टाकायच्या, नाहीतर उंची कमीजास्त करता येणारे शॉकअप, नाहीतर हवेचे फुगे – बटण दाबलं की गाडी खाली बसते, निघताना परत उठते. गाडी गुडघे टेकते म्हणजे! हे मला फारच पटलं. लुईझासमोर गुडघे टेकणारी गाडी.

१० ऑक्टोबर
फुगे रद्द. सामान यायलाच डिसेंबर उजाडेल. शिवाय आमच्या भुईगावच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे फुग्यांच्या नळ्या काय टिकणार.

नाक्यावरचा नथू मेकॅनिक म्हणतो, "कशाला येवढा खर्च? आहे त्याच स्प्रिंगचे दोन आटे कापू." आटे कापलेली गाडी बेडकासारखी उड्या मारते, हे संकेतने कालच सांगितलं होतं. नथूला हात जोडले.

१४ ऑक्टोबर
संकेतने एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून फिरवून आणलं. चांगली चार बोटं खाली, बसायला अगदी सोपी. पण कडक! फुलपाड्याचा एकेक खड्डा माझ्या टाक्यांनी मोजला. तिच्या खुब्याचं काय होईल? "खाली गेली की कडक होनारच काका, नायतर टायर घासेल," म्हणतो.

म्हणजे जेवढी खाली तेवढे हादरे. दारात गाडी उतरवायची, तर वाटेत तिला छळायचं. असा हा हिशेब आहे. रात्री जेवताना तिच्याकडे बघत राहिलो. "काय झालं?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

१६ ऑक्टोबर
ती दुपारी झोपली तेव्हा तिची वेताची खुर्ची मोजली. त्या खुर्चीतून ती कुणाचा हात न धरता उठते. म्हणजे तीच खरी उंची. मग गाडीची सीट मोजली. फरक आहे, पण मला वाटला होता तेवढा नाही.

आखूड स्प्रिंग, दोन इंचांच्या आतबाहेर, आणि जोडीला त्याच मापाचे जरा मऊ शॉकअप. उरलेलं सीटचा फोम काढून. यापेक्षा खाली नको, आमच्या गल्लीतला गतिरोधक गाडीचं पोट खरवडेल, आणि पावसात पाणी भरतं ते वेगळंच. संकेतला फोन केला. तो म्हणाला, "बेस्ट आहे काका, पन फोटो काढन्यासारखी नाय दिसनार." नाही दिसली तर नाही दिसली.

१९ ऑक्टोबर
ग्लेनचा फोन. "पप्पा, उंच आहे म्हणून तर घेतली होती ती!" तिकडे कुवेतला बसून उंटावरून शेळ्या हाकतो. कारण सांगितलं. मग म्हणाला, "मम्मीला विचारलंत का?"

यात विचारायचं काय? विचारलं तर नकोच म्हणेल. मी तिला ओळखतो.

१ नोव्हेंबर
गाडी आली. लुईझा दारात येऊन बघत राहिली. "ही का बसली अशी?" म्हणाली.

म्हटलं, बसून बघ. तिने गाडीकडे पाठ केली, सीटवर टेकली, एकेक पाय आत घेतला. झालं! मी हात पुढे करून उभा होतो, तो तसाच राहिला. मला एकदम रडू आलं. सवयीने गाडीच्या मागे गेलो.

"मागं कशाला जातोस?" आतून ओरडली. "आज तर उचललं नाय."

डोळ्यांत धूळ गेली म्हणालो. पण तिला मागे जाण्याचं कसं माहीत?

२ नोव्हेंबर
तिने स्वतःच्या हाताने मेणबत्ती लावली. येताना वाटेत म्हणाली, "मला लाज कसली वाटनार? तू दार लावून मागं जायचास आनि पोट धरून उभा राहायचास. बाजूच्या आरशात सगळं दिसायचं. म्हनून सोडलं यायचं."

उद्या डॉक्टरकडे जायचंय, माझ्यासाठी. ती बरोबर येणार आहे.