गाव कोणतं म्हणालात?

आई, आज गुरुवार. एमआयडीसीला सुट्टी, म्हणून आमच्या ऑफिसलाही सुट्टी. तुझे जावई चिंचवडला बँकेत गेलेत, पोरगी कॉलेजला गेलीय, आणि मी ओट्याशी स्टूल ओढून तुला लिहायला बसलेय. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लिहीन म्हणत होते, पण कुकर उतरवून गार झाला तरी पहिलं वाक्य सुचत नव्हतं. तू म्हणशील, इतक्या वर्षांनी बरी आठवण झाली आईची! आठवण रोज होते ग. पण जे घडत होतं ते तुला सांगण्यासारखं नव्हतं, आणि खोटं सांगावं तर तू तोंड बघूनच ओळखायचीस. परवा चिखलीत जे झालं ते मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून धड जेवण जात नाहीये, म्हणून आता तुझ्याच गळ्यात पडते.

पिंपरीच्या त्या कंपनीतली तुझी प्रथमोपचाराची खोली मला अजून दिसते. गेटमधून आत आलं की उजव्या हाताला, सायकल स्टँडच्या मागं. आत एक लोखंडी खाट, हिरवा पडदा आणि स्पिरिटचा वास. तू नर्स नव्हतीस, नुसती मदतनीस होतीस. पण डॉक्टर कधीमधी यायचे आणि कंपाउंडर जेवायला गेला की फिरकायचा नाही, त्यामुळं लागलेला माणूस पहिल्यांदा तुझ्याच हाती यायचा. मी सहावी-सातवीत असेन. शाळा सुटल्यावर तुझी वाट बघत बाकड्यावर बसलेय, आणि पत्रे कापणाऱ्या प्रेस शॉपमधून दोघं जण एकाला धरून आणतात. हाताला गुंडाळलेलं फडकं लालभडक झालंय. मी त्या फडक्याकडं टक लावून बघतेय. तू माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "हाताकडं काय बघतीस? माणसाच्या तोंडाकडं बघावं." आणि लगेच त्याच्याकडं वळून, घरी पाहुणा आल्यासारखं विचारतेस, "गाव कोनतं तुमचं, भाऊ?" तो दातओठ खात सांगतो. मग घरी कोण कोण, शेती कोण बघतं, नदी गावापासून लांब हाय का जवळ. तो बोलत राहतो, तुझे हात चालत राहतात, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याचं विव्हळणं थांबलेलं असतं. घरी येताना मी तुला विचारलं, त्याच्या गावाशी तुला काय करायचंय? तू म्हणालीस, "मला काय करायचंय? त्याचं ध्यान गावाकडं गेलं की दुखनं वाईच कमी व्हतं, एवढंच."

मी कासारवाडीच्या ऑफिसात लागले तेव्हा तू हिंडतीफिरती होतीस. काम काय, असं विचारलंस. मी म्हटलं, कारखान्यात कुणाला लागलं की त्याच्या नुकसानभरपाईचं बघायचं. तू तेवढंच ऐकलंस आणि काळेवाडीच्या विहारात सगळ्या बायांना सांगून आलीस, की माझी लेक लागलेल्या कामगारांना पैसे मिळवून देते. वर पिंपरी कॅम्पातून मला सपाट तळाच्या चपला आणल्यास. "लोकांच्या घरी दुःख असताना टाचा वाजवत जाऊ नये." काय बोजड चपला होत्या त्या! बैलाला घालाव्यात तशा. मी कुरकुरत घातल्या, आणि तुझी समजूत काही दुरुस्त केली नाही. मग तू आजारी पडलीस, त्यातच गेलीस, आणि तो विषय राहूनच गेला.

तर आता दुरुस्त करते. आई, आम्ही कामगारांचे नाही, मालकांचे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहानमोठ्या कारखान्यांनी आमच्या साहेबांना नेमलेलं असतं. कुणाचं बोट गेलं, कुणाच्या पायावर लोखंड पडलं, की आम्हाला फोन येतो. ते प्रकरण कमीत कमी पैशांत आणि गाजावाजा न होता मिटवायचं, हे आमचं काम. कायद्यात अंगठ्याचे, बोटाचे, बोटाच्या पेराचेसुद्धा भरपाईसाठी टक्के ठरलेले आहेत. ते मला तोंडपाठ आहेत, आणि कामगाराला ते माहीत नसतात यावर आमचं पोट चालतं. कधी कधी प्लास्टर घातलेल्या माणसाला कंपनीच्या गाडीतून रोज आणतात, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवतात आणि त्याची हजेरी लावतात. म्हणजे अपघातामुळं एकही खाडा झाला नाही, असं वर दाखवता येतं. याला आम्ही 'हलकं काम' म्हणतो. तो बिचारा दिवसभर आत-बाहेर करणारे ट्रक बघत बसतो, आणि संध्याकाळी गाडी त्याला घरी सोडते.

आणि या कामात मी हुशार आहे. साहेबांकडं वकिली शिकलेली पोरं आहेत, पण घर अवघड असलं की मलाच पाठवतात. ती पोरं उभ्या उभ्या कागद पुढं करतात आणि शिव्या खाऊन येतात. मी दारात चपला काढते, खाली सतरंजीवर बसते, दिलेलं पाणी पिते, तोंडाकडं बघते आणि विचारते, "गाव कोणतं म्हणालात?" तुझाच प्रश्न, तुझाच सूर. उत्तर मात्र मी वेगळ्या कानानं ऐकते. माणूस खेड-चाकणच्या बाजूचा निघाला की सांभाळून राहायचं. त्याच्यामागं भावकी येते, एखादा पुढारी येतो, तिथं मालकाला हात ढिला सोडायला सांगावं लागतं. पण परभणी-हिंगोलीकडचा, भाड्याच्या खोलीत राहणारा, मागंपुढं कुणी नसलेला असेल, तर त्याला कधी एकदा गावी जातो असं झालेलं असतं. तो थोडक्यात ऐकतो. गाव जितकं लांब, तितकं आमचं काम स्वस्त. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शोधून काढलं. साहेब तर मी नवीन पोरांना हे शिकवावं म्हणून मागं लागलेत.

सोडून का देत नाहीस, असं विचारशील. किती वेळा ठरवलं! जावयांची कंपनी बंद पडली तेव्हापासून ते कधी कामावर, कधी घरी. चिखलीच्या पलीकडं घेतलेल्या या फ्लॅटचे हप्ते आहेत, पोरीचं इंजिनिअरिंग आहे. दुसरीकडं जायचं तर तिथंही हेच करावं लागणार, कारण मला दुसरं येतं काय? शिवाय साहेब वाईट माणूस असता तर भांडून तरी निघाले असते. तुला दवाखान्यात हलवायचं होतं तेव्हा स्वतःची गाडी घेऊन तोच आला होता, आठवतं का? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशातली गत. सकाळी उठते, डबा भरते, बसस्टॉपवर जाऊन उभी राहते. मी नाही गेले तर त्या वकील पोरांपैकी कुणी जाईल आणि लोकांना आणखी वाईट वागवेल, अशी स्वतःची समजूत घालते. ही समजूत हल्ली कासारवाडी येईपर्यंत टिकत नाही.

आता चिखलीचं सांगते. मागच्या महिन्यात चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये एका तरुणाचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. परभणीकडचा, नुकतं लग्न झालेला. ठेकेदाराकडून लागला होता, आणि ठेकेदारानं ईएसआयच्या कामगार विम्यात त्याचं नावच घातलं नव्हतं. म्हणजे भरपाई मालकानंच द्यायची. कायद्यानं गेला असता तर त्याला भक्कम रक्कम मिळाली असती. साहेबांनी मला तिचा एक तुकडा सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, या आठवड्यात क्लोज करा."

चिखलीतल्या एका पत्र्याच्या चाळीत त्या नवरा-बायकोची खोली. पहिल्या भेटीत मी नेहमीसारखं सगळं केलं. गाव विचारलं, गावाकडच्या म्हातारीचं विचारलं, रक्कम सांगितली, सोमवारी पैसे हातात पडतील म्हटलं. त्याची बायको लगेच माझी झाली. "ताई" म्हणायला लागली. सोमवारी गेले तेव्हा तो जेवत होता. भिंतीकडं तोंड करून, डाव्या हातानं. घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा भात मांडीवर सांडत होता, आणि बायकोनं ते बघू नये म्हणून तो आणखी आणखी भिंतीकडं सरकत होता. मला बघून ताट बाजूला सारलं. मी पर्समधून कागद काढला. बायको म्हणाली, "ताई, तुमीच सांगा. घ्यावेत का हे पैसे? तुमच्याबगर हितं आमचं कोन हाय?" तो म्हणाला, "तुमी म्हनताल तसं करतो."

आई, या धंद्यात आल्यापासून मी माणसांच्या तोंडाकडं बघते ती अंदाज घ्यायला. त्या दिवशी नुसतं बघितलं. ओठाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सही करू नकोस. लेबर ऑफिसात अर्ज कर. वेळ लागेल, पण याच्या कितीतरी पट मिळतील. कुणी सांगितलं ते मात्र सांगू नकोस." नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हे त्याच क्षणी मनात आलं. पण बोलले खरी.

मला वाटलं होतं, ती रडेल, माझा हात धरेल. तिचा चेहराच पालटला. "म्हंजे? पैसे देनार न्हाईत का?"

"देतील ग. पण तुमच्या हक्काचे यापेक्षा..."

"परवा म्हनलात सोमवारी हातात पडतील. आता अर्ज करा म्हनायलात. फिरवायलेत आमाला, कळत नाही का मला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, माझ्या चुलत्याची जमिनीची केस हाय. चुलता मेला, तारखा चालूच हायत. मला तारखा नकोत. कमी द्या, पन द्या."

मी समजावलं. पोरीची शपथ घेतली. ती म्हणाली, शपथा सगळेच घेतात. आणि तिचं तरी काय चुकलं? मालकाकडून आलेली बाई म्हणते, मालकाचे पैसे घेऊ नका. मी तिच्या जागी असते तर मीही त्या बाईवर विश्वास ठेवला नसता. इतकी वर्षं मी गोड बोलून खोटं पटवत आले, आणि आज खरं सांगायला गेले तर माझ्याकडं बोलायची दुसरी तऱ्हाच नव्हती. कागद पर्समध्ये टाकून बाहेर पडले.

मी ऑफिसला पोचायच्या आत साहेबांचा फोन आला. त्या दोघांनी ठेकेदाराला फोन केला होता. मॅडम पैसे द्यायला नाही म्हणतात, हवं तर आणखी थोडे कमी करा, पण लवकर द्या. साहेब हसत होते. "काय जादू केलीत, मॅडम? पार्टी आपणहून खाली आली! कोर्टाची भीती घातलीत ना? आम्हाला हे सुचलं नसतं." बसमध्ये गर्दी होती. मी म्हणाले, "हं." मग मीच म्हणाले, "साहेब, आधीचाच आकडा राहू द्या ना, गरीब आहेत." ते म्हणाले, "अहो, पार्टीच कमी मागतेय, आपण कशाला वाढवायचं? उद्याच उरकून टाका." पुढं बोलायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी फोन ठेवला.

परवा पुन्हा गेले. पहिलीतल्या पोरानं गिरवावी तशी त्यानं डाव्या हातानं सही केली. पैसे बायकोनं पदरात बांधले. सामान बांधलेलंच होतं, संध्याकाळच्या गाडीनं ते परभणीला निघणार होते. मी उठले तशी ती माझ्यामागं बोळाच्या तोंडापर्यंत आली आणि एकदम माझ्या पायाशी वाकली. "ताई, राग नका धरू. तुमच्याबद्दल ठेकेदाराला लई वाईट बोलले मी. तुमी आमचं वाईट कशाला करताल? माफ करा." मी तिला उठवलं. पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे ग, होतं असं," म्हटलं. आई, मी तिला माफ केलं.

जावई येतीलच आता. त्यांच्या हाती पडायच्या आत हे कागद फाडून ठेवायला हवेत. ओल्या कचऱ्यात टाकावेत की सुक्या, एवढंच ठरवायचंय. तुला सगळं सांगितलं, पण एक अजून मागंच ठेवलंय, आणि कागद फाडायचाच आहे तर तेही लिहून टाकते. ती माझ्या पायाशी वाकून माफी मागत होती ना, तेव्हा मला बरं वाटलं.