‘भरेल शे’चा बिल्ला

४ जानेवारी, रवि. जळगाव
धुळ्याहून संपादकांचं पत्र. खानदेशातल्या जुन्या व्यापारी बिल्ल्यांचं पुस्तक काढताहेत, माझा पितळी बिल्लाही घेणार. आनंद झाला. पुढचं वाचलं आणि डोकं तडकलं. बिल्ल्यावर म्हणे ‘भ. रेल. शे.’ आहे, म्हणजे ‘भुसावळ रेल्वे शेड’.
अहो, ‘भरेल शे’ आहे ते. अहिराणीत, म्हणजे ‘भरलेलं आहे’. माझ्या माहेरी, धुळ्याकडे, शेंबडं पोरही सांगेल.

६ जाने.
संपादकांना फोन केला. “बाई, पितळेवर कोणी अहिराणी ठोकतं का? ती बोलायची भाषा.” मग मधले ठिपके कसले विचारलं, तर म्हणे संक्षेपाचे.
तावातच फोन ठेवला. डी.एड.ला तोंडून ‘शे’ निघालं की बाई उभं करायच्या. नंतर शाळेत मीसुद्धा तेच केलं, “शे नाही, आहे म्हण.” किती पोरांना टोकलं असेल. त्याचाच राग जास्त.

९ जाने.
सलीमभाईंकडे गेले. पितळेची मोड घेतात, बिल्ला त्यांच्याच ढिगात मिळालेला. भिंग लावून बराच वेळ पाहत बसले. “ताई, हे पूर्णविराम नाहीत. अक्षरं ओळीत बसावी म्हणून कारागीर आधी टोचा मारतो. हा बघा, अर्धा ठिपका ल च्या पोटात गेलाय.” आधी ठिपका, मग अक्षर. चहाही पाजला वर.
घरी ह्यांना सांगितलं. हे सावद्याचे, केळीच्या पट्ट्यातले. “आमच्याकडे शे म्हणत नाहीत, मला साक्षीला बोलावू नको.” बसा म्हटलं केळी खात.

१८ जाने. माहेरी
चुलत आत्या, अक्का. उभा जन्म कपाशीच्या जिनात टोपल्या वाहिल्या. आता धड दिसत नाही. काही न सांगता बिल्ला तळहातावर ठेवला. तिने अंगठा फिरवला, बिल्ल्याच्या भोकाशी थांबली.
“हाऊ ते भरेल शे ना बिल्ला.”
तीच पुढे, “टोपली भरनी का शेठना मानूस हातमा देये. सांजले बठ्ठा बिल्ला दीसन रोज लेवाना.” म्हणजे भरल्या टोपलीमागे एक बिल्ला, संध्याकाळी सगळे देऊन मजुरी घ्यायची.
वाचता येतं का, विचारलं. “माले कोठे येस वाचता? तो मानूसच आवाज देये, भरेल शे, भरेल शे.”
मला रडूच आलं. ती म्हणे, रडस कसाले.

२० जाने.
सं.ना सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पटलं, रेल्वे शेड मागे घेतली. पण अक्काचं नाही. “आठवण आम्ही पुरावा धरत नाही. ‘वाचन अनिश्चित’ छापू.”
मी म्हटलं, अनिश्चित तुम्ही आहात, बिल्ला नाही.
जरा जास्त बोलले. बोलले तर बोलले.

२४ जाने.
नोंदीचा फॉर्म आला. भाषेसाठी चार चौकटी: मराठी, गुजराती, इंग्रजी, इतर. सोबत निरोप, “इतरवर खूण करा, आजच छपाईला द्यायचंय.”
इतर कोण? ज्या गावात बसून पुस्तक काढताय तिथल्याच बाजारात उभं राहून ऐका की.
चारही चौकटी खोडल्या. वर लिहिलं, अहिराणी. अर्थाच्या रकान्यात अक्काचं बोलणं, जसंच्या तसं, तिच्या नावासकट. खाली एक ओळ, हे असं छापा नाहीतर माझ्या बिल्ल्याचं चित्र काढून टाका. फॉर्मचा फोटो काढून पाठवून दिला.
हे म्हणाले, “आणि काढूनच टाकलं तर?”
तर बिल्ला राहील पुस्तकाबाहेर. वाईट वाटेलच, खोटं कशाला बोलू. पण इतर म्हणून आत जायचं नाही.
अर्ध्या तासात धुळ्याचा फोन. कुकर उतरवायचा होता, वाजू दिला. आता परत वाजतोय. उचलते. पण बोलणार ते अहिराणीतच.