रामधनभाऊ, शिट्टी गहाळ नाही

प्रिय रामधनभाऊ,

विलासबाबूंनी चार्जच्या कच्च्या यादीत तुमच्या नावापुढे लाल शाईने 'गहाळ' असं लिहिलं होतं, म्हणून हे पत्र. नाहीतर तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला लिहिल्या त्या फक्त सूचना. 'मैदान सात वाजता आखून तयार हवं.' 'नेटची गाठ सैल राहू नये.' 'प्रिय' हा शब्द एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. बिचकू नका.

झालं असं, या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होते आहे. खेळाच्या खोलीचा चार्ज नव्या सरांना द्यायचा, म्हणून मी आणि आपले कारकून विलासबाबू रजिस्टर घेऊन एकेक वस्तू मोजत बसलो. बाबू अजून बोटाला थुंकी लावूनच पान उलटतात. लेझीम, डंबेल्स, गोळा, थाळी, सगळं जुळलं. एका ओळीवर गाडी अडली. 'पितळी शिट्टी, एक. घेणार: रामधन, शिपाई. वापरून परत करणे.' खाली तुमची सही, शेजारी माझी. परत आल्याची नोंद नाही.

"गहाळ," बाबू म्हणाले.

"गहाळ नाही."

"मंग हाये कुठे?"

"रामधनभाऊंकडे."

"मॅडम, तो माणूस राह्यला का आता? गहाळ लिहू, नवी आणून ठेवू, मोकळं होऊ. कोण विचारते?"

मी विचारते! विहिरीत पडलेला चेंडू दोराला बादली बांधून तासाभराने का होईना वर काढणारा माणूस तुम्ही. तुमच्या नावापुढे शाळेच्या दप्तरातला शेवटचा शब्द 'गहाळ' असावा? पुढच्या शनिवारी यादीवर सह्या होणार होत्या. एकदा सही झाली की तो शब्द कायमचा. म्हणून मला सगळं पहिल्यापासून आठवावं लागलं.

शाळा बंद होत्या ते वर्ष. हेडमास्तरांचा फोन आला, "मॅडम, पी.टी.सुद्धा ऑनलाइन घ्यायची आहे."

"सर, खो मोबाईलवरून द्यायचा का?"

"कसाही द्या, तास झाला पाहिजे."

झाला तास! सोफा भिंतीला सरकवला, ट्रॅकसूट चढवला, बूट घातले, गळ्यात शिट्टी अडकवली. आमचे हे म्हणाले, "घरात बूट?" मी म्हटलं, "मी मैदानावर आहे." मी उडी मारली की शोकेसमधल्या कपबश्या किणकिणायच्या. समोर नववीचा वर्ग: कोणी अंथरुणात, कोणाच्या तोंडात ब्रश, एकाचा तर महिनाभर फक्त पंखाच दिसला. ओम लोहाऱ्याला मामाकडे अडकला होता. तो पलंगावर लोळायचा आणि मागे त्याची आजी पदर खोचून माझ्याबरोबर सगळे प्रकार करायची. गुडघा थेट कमरेपर्यंत! "ओम, आजीकडून शिक," मी ओरडले. आजी म्हणाली, "मंग माही हजेरी लावा ना मॅडम!"

पण खरी फजिती शिट्टीची. मी शिट्टी फुंकायची आणि एक पोर हलायचं नाही. तीन दिवस मी त्यांना फैलावर घेतलं. बहिरे झालात का, घरात बसून शिस्त विसरलात का, काय काय बोलले! सांगायची हिंमत कोणाची होणार? तुमची झाली. चौथ्या दिवशी तुमचा फोन.

"मॅडम, एक बोलू का जी? राग नका मानू."

"बोला."

"तुमचे गाल फुगून राह्यले, पण आवाज नाई येऊन राह्यला."

"तुमच्याकडे नेट नसेल."

"तुमचं ओरडणं तं बराबर येते, जी."

माझ्या मुलीने मग समजावलं की फोन असला कर्कश आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो. गोंगाट! जिच्या आवाजाने पुसद रस्त्यावरच्या एसटीने एकदा ब्रेक मारला होता, त्या शिट्टीला फोनने गोंगाटात काढलं! त्या दिवसापासून मी तोंडाने मोजायला लागले. शिट्टी मात्र सवयीने फुंकतच राहिले.

तुम्ही तासाला असता हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी सातला यादीत 'रामधन' हे नाव उगवायचं. चित्र बंद, आवाज बंद, नुसता काळा चौकोन. मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय, सातला मैदानावर हजर राहायची; मैदान नाही तर फोन. मनातल्या मनात हसलेसुद्धा.

मग एक दिवस तोंडाला दुपट्टा बांधून तुम्ही शाळेत आलात. "शिट्टी पाह्यजे होती जी एक."

"कशाला?"

"काम हाये."

मी कपाटातली पितळी शिट्टी काढली आणि रजिस्टर पुढे केलं. शाळेची वस्तू आहे, वापरून परत, असं बजावून सही घेतली. बंदूक देताना घ्यावी तशी! तुम्ही सावकाश, एकेक अक्षर कोरून सही केलीत. एका शब्दाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, हो?

की जुनी गोष्ट तुमच्या मनात होती? माझ्या आहे. शाळेच्या क्रीडा महोत्सवात, खो-खोच्या शेवटच्या सामन्याआधी, हातावरची फक्की झटकत तुम्ही विचारलं होतं, "मॅडम, एक डाव मी वाजवू का जी?" आणि मी म्हटलं होतं, "शिट्टी पंचांची असते, रामधनभाऊ. तुम्ही फक्कीकडे बघा." पोरांसमोर म्हटलं होतं. तुम्ही "हव जी" म्हणून रेषा पुन्हा ठळक करायला गेलात. ती रेषा सरळच होती. तुमची रेषा कधी वाकडी गेली?

आता सगळ्यात मोठी चूक. तुमच्या तांड्याची अठरा मुलं वर्गात कधीच दिसायची नाहीत. त्यांच्या घरी तसले फोन नाहीत हे कळायला काय अवघड होतं? पण हजेरी म्हणजे हजेरी. स्क्रीनवर नाव नाही, म्हणजे गैरहजर. तीन आठवडे मी त्या अठरा नावांपुढे 'गै' लिहीत गेले. वर तुमच्याच हाती निरोप धाडला: "तांड्यात सांगा, मुलं तासाला नसतात, श्रेणी कापली जाईल." तुम्ही म्हणालात, "सांगतो जी." आणि काही बोलला नाहीत!

बिंग फोडलं ते बकरीने. तास रंगात आला होता आणि भर वर्गात बें करून आवाज.

"वर्गात बकरी कोणी आणली?" मी दरडावलं.

सगळी मुलं कॅमेऱ्यात डोकावली. बकरी कोणाकडेच नव्हती. तेवढ्यात तुमच्या काळ्या चौकोनातून दणदणीत आवाज आला, "पाच! सहा! सात! आठ!" एकदोघांचा नाही, अख्ख्या वर्गाचा. तुमच्या बोटाने चुकून आवाज सुरू झाला होता.

"रामधनभाऊ, तिकडे काय चाललंय? चित्र लावा."

"नेट लय खाते जी ते."

"लावा म्हणते ना!"

चित्र लागलं. तांड्यामागचं खळं. लिंबाच्या खोडाला सुतळीने बांधलेला तुमचा फोन. जमिनीवर चुलीतल्या राखेने काढलेले अठरा गोल, एकमेकांपासून चांगले दोन-दोन हातांवर, आणि प्रत्येक गोलात आपलं एक पोर. तोंडाला दुपट्टे, हात खांद्याच्या रेषेत. समोर तुम्ही, डोक्याला शाळेची खाकी टोपी, तोंडात पितळी शिट्टी. एवढ्याशा फोनवर अठरा जणांना काय दिसणार? म्हणून तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि आरोळी द्यायचात, "मॅडमचे गाल फुगले रे!" आणि माझी न वाजलेली शिट्टी तिकडे तुम्ही वाजवायचात. इतकी वर्षं माझ्या रेषा आखता आखता सगळे व्यायामप्रकार तुम्हाला पाठ झाले होते. मला पत्ताच नव्हता!

त्या वेळी मी काय म्हणाले, आठवतं? "तिसऱ्या रांगेतली मुलगी कोपरात वाकते आहे." एवढंच. त्याहून जास्त बोलले असते तर आवाज फुटला असता आणि वर्गासमोर ते मला चालणार नव्हतं. तुम्ही वळलात, "शीतल, हात सरळ, बेटा," म्हणालात आणि शिट्टी फुंकलीत.

त्या दुपारी मी हजेरीपट काढला. तीन आठवड्यांचे सगळे 'गै' खोडून 'ह' केले आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी सही केली. माझ्या हजेरीपटात तोवर एक खाडाखोड नव्हती. ते पान सगळ्यात घाणेरडं दिसतं आणि मला तेच सगळ्यात आवडतं.

पुढे शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी पोरांना शर्यतीच्या रेषेवर उभं केलं, शिट्टी तोंडाला लावून गाल फुगवले, आणि तांड्याची अठराच्या अठरा पोरं सुटली! आवाज अजून निघायचाच होता. बाकीची रेषेवरच तोंडं उघडी टाकून उभी. तुम्ही फक्कीचं घमेलं खाली ठेवून पोट धरून हसत होतात. मी रागवायला तोंड उघडलं आणि मलाही हसू आवरेना. मुलांनी मला हसताना पाहिलं ते बहुधा त्या दिवशीच.

त्याच दिवशी तुम्ही शिट्टी परत करायला आलात. कागदात गुंडाळलेली, राखेने घासून लख्ख केलेली.

मी म्हटलं, "ठेवा तुमच्याकडेच."

"अन् नोंद, जी?"

"करते मी नोंद."

नाही केली, रामधनभाऊ. खडूच्या एका डब्याचीही नोंद ठेवणारी मी, ही नोंद राहिली. घंटा झाली, तास होता, मग परीक्षा, मग तुम्ही निवृत्त झालात. खरं कारण तेही नाही. 'का दिली' त्या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना. नीट दोन शब्द लिहायचे तर आधी कबूल करायला हवं होतं की ती तुम्हाला फार आधी द्यायला हवी होती. मग गेल्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी नागपूरला मुलीकडे होते. परत आले तोवर तेरावाही झाला होता. 'गहाळ' बाबूंनी लिहिलं हे खरं, पण त्यांना जागा मोकळी ठेवली मी.

म्हणून रविवारी संध्याकाळी स्कूटी काढली आणि तांड्यावर गेले. तुमच्या सोनीबाई दारातच होत्या. "आवो मॅडम, बेसो." चहा आला. मी सरळ विचारलं, "शिट्टी आहे का हो त्यांची?"

सोनीबाईंचा चेहरा उतरला. "वापस पाह्यजे का? ते सांगून गेलते, शाळेची हाये, मॅडमनं मांगली का लगेच द्यायची. पण आता तुमीच जाऊन पाहा, काढता येते का."

खळ्यावर गेले. राखेने आखलेलं खो-खोचं मैदान, आठ पाट्या, दोन खांब, आणि खेळणारी वीसेक पोरं. मध्ये शीतल. तीच, कोपरात वाकणारी! आता दिग्रसला कॉलेजात जाते, संध्याकाळी इथे सराव घेते. कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "गुडघा उंच! झोपाले आले का इथं?" हे वाक्य मूळचं माझं, ते तुम्हाला सांगायला नको.

मी लिंबाआड उभी होते. तिने गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि सगळ्यात धाकट्या पोरीने बांग दिली, "मॅडमचे गाल फुगले रे!" आणि डाव सुटला. त्यातल्या निम्म्या पोरांनी मला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही! त्यांना वाटतं, खो-खो सुरू करायची रीतच ती आहे.

शीतलने मला पाहिलं. धावत आली, शिट्टी गळ्यातून काढून पुढे केली. "मॅडम, काकांनी सांगितलं होतं…"

"गळ्यात घाल आधी," मी म्हटलं. "आणि पाचव्या पाटीची रेषा वाकडी आहे. रामधनभाऊंची नसायची."

"हो, मॅडम. ते आम्हाला नाही जमत."

सोनीबाईंना सांगून आले, शिट्टी कोणी मागणार नाही. सोमवारी शाळेत गेले. अमरावतीला शिकत असताना घेतलेली माझी स्वतःची स्टीलची शिट्टी बाबूंच्या टेबलावर ठेवली आणि लाल शब्दावर रेघ मारली. बाबू म्हणाले, "मॅडम, कायले एवढं? एका शिट्टीसाठी?" मी म्हटलं, "लिहा, मी सांगते तसं." त्यांनी लिहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "माह्या पोरालेही रामधननंच सायकल शिकवली, मॅडम." आणि न सांगता यादी दुसऱ्या कोऱ्या कागदावर उतरवून काढली.

आता एक वचन. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तांड्यावर येणार. शिट्टीला हात लावणार नाही, ती पंचांची असते. मी राखेचं घमेलं, सुतळी आणि खुंट्या घेऊन रेषा आखणार. पहिल्या काही वाकड्या जातील. हसायचं असेल तर हसा, पोट धरून हसा. पण चूक दिसली की या वेळी गप्प बसू नका.

तुमच्या
पी.टी. मॅडम

सोबत, चार्ज यादीच्या शेवटच्या नोंदींची नक्कल. शनिवारी तिघांच्या सह्या झाल्या.

लेझीम, चाळीस नग. दिले, मिळाले.
खो-खोचे खांब, दोन. दिले, मिळाले.
फक्कीचं घमेलं, एक, बुडाला छिद्र. दिलं, मिळालं.
स्टीलची शिट्टी, एक, पितळी शिट्टीच्या बदली. दिली, मिळाली.
पितळी शिट्टी, एक. श्री. रामधन, शिपाई, यांना शाळा बंद असताना तांड्यावर पी.टी.चा वर्ग घेतल्याबद्दल कायमची दिली. नोंद करण्यास उशीर माझ्याकडून झाला. परत घेणे नाही.