खंडेनवमीचा पेढा

अण्णा, आज वर्गात हिरोशिमा शिकवलं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. ताथवड्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, एवढं तुम्ही पाहून गेलात. पण या धड्याला दरवर्षी केवढा वाद रंगतो, ते कधी तुमच्याशी बोलले नाही. काही इतिहासकार म्हणतात, अमेरिकेने अणुबॉम्ब टाकला तो युद्ध लवकर संपवून स्वतःचे सैनिक वाचवायला. दुसरे म्हणतात, जपान शरण यायच्या बेतात होताच, दरारा बसवायचा होता तो रशियावर. आणखी काहींचं म्हणणं, एवढा खटाटोप करून बनवलेली वस्तू वापरायचीच नाही, असा विचार कुणी मनापासून केलाच नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, टाकणाऱ्यांनी कारण सांगितलंय ना? मग वाद कसला?" मी तोऱ्यात सांगितलं, माणूस आधी करून बसतो आणि शोभेलसं कारण मागाहून शोधतो. आणि याला अपवाद म्हणून सवयीने लगेच तुमची-माझी गोष्ट सांगितली.

खंडेनवमी. देहूरोडच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर, आई पोळ्या लाटतेय. तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यातून येता. तिथे आज यंत्रांची पूजा झालीय, रिकाम्या तोफगोळ्यालासुद्धा हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. प्रसादाचा पेढा कागदात बांधून तुम्ही माझ्यासाठी आणलाय. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अक्कल नुसती उतू चाललीय. म्हणते, "ज्यांच्यावर हे गोळे पडतात, त्यांच्या घरी पण वाटा की पेढे. मला नको." आईचं लाटणं थांबतं. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि पुडी पुन्हा बांधलीत.

त्यानंतर पेढा कधी घरी आला नाही. मला वाटलं, विसरलात. तुमच्या दहाव्याला तुमच्या खात्यातले एक काका बोलता बोलता म्हणाले, तुम्ही दरवर्षी प्रसाद फाटकाबाहेरच कुणालातरी देऊन टाकायचात. म्हणायचात, "आमच्या लेकीला पटत न्हाई. तिचंच बरोबर असंल."

बरोबर कसलं, डोंबल! त्याच आठवड्यात तुम्ही मला वेरूळच्या सहलीला नाही म्हणाला होतात. मी तोंड फुगवून बसले होते, तुम्हाला लागेल असं काहीतरी शोधत होते. युद्ध, माणुसकी हे सगळं मागाहून चिकटवलं. आणि इतकी वर्षं तीच गोष्ट वर्गात माझ्या विवेकाचा दाखला म्हणून खपवतेय, पोरी वहीत उतरवून घेतात. लाज वाटते हो.

उद्या त्या मुलीला खरं कारण सांगायचं ठरवलंय. जमेल की नाही, देव जाणे. हा कागद कुठे पाठवायचा, म्हणून हजेरीच्या वहीत ठेवून देतेय. एक मात्र सांगायचं राहिलं. तुम्ही पुडी बांधत होतात तेव्हा मी चोरून बघत होते. मला तो पेढा हवा होता, अण्णा. तुम्ही अजून एकदा विचाराल म्हणून मी थांबले होते.