चांदीची पाहुणी

३ नोव्हेंबर
आज पुनर्वसनातल्या नव्या घरी राहायला आलो. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले. आता स्वतःचं छप्पर आहे, देवांना वेगळा कोनाडा आहे. रुखमिणी भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "कोरडी आहे जी!" हसली की तिच्या हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके ताणले जातात. लग्नात मी आधी तेच पाहिले होते.

६ नोव्हेंबर
तुळशीसाठी खणताना चांदीचं नाणं मिळालं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला पंखांची देवी. दोघांचेही चेहरे झिजून सपाट झालेले. शेजारचे संघपाल गुरुजी म्हणाले, नाणं जुन्या रोमचं आहे, ही त्यांची विजयदेवता. घरी ठेवू नका, तहसीलात द्या. रुखमिणी ऐकते थोडीच! "देवी कोठचीबी राहो गुरुजी, दारी आली तं उपाशी काहून ठेवाची?"
तिनं नाणं कोनाड्यात आमच्या कुलदेवांच्या टाकांशेजारी बसवलं, देवीची बाजू वर. चिंचेनं घासलं, न्हाऊ घातलं. ते पाणी ती एकटीच तीर्थ म्हणून प्याली. मी कुलदेवांचंच घेतो.

१९ नोव्हेंबर
देवीचे नाक-डोळे दिसू लागले. रोजच्या घासण्यानं मळ निघाला असेल.
भाकरी करताना रुखमिणीचा तळवा तव्यावर टेकला. तिनं उचलला नाही. वास आला तेव्हा मी ओढला. दुखत नाही म्हणाली.

२७ नोव्हेंबर
तिच्या हनुवटीवरचं गोंदण गेलं. गोंदण माणसासोबत चितेवर जातं, असं आई सांगायची.
देवीच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत.

३० नोव्हेंबर
रुखमिणी बोलत नाही. चेहरा गुळगुळीत झाला आहे. ओठ कुठं आहेत ते कळत नाही.
नाणं वैनगंगेत शिरवायला, सोडून यायला नेलं. पाण्यावर धरलं, तर देवीची पापणी हलली. ती पापणी माझ्या ओळखीची.
परत आणलं.

२ डिसेंबर
खाटेवर नुसतं लुगडं. आत कोणी नाही. रडू येत नाही.
ती तिथं एकटी कशी राहील? राजाची बाजू वर केली. चिंचेनं घासली. तीर्थ घेतलं.

डिसेंबर
चव नाही. पेन हातात आहे, जाणवत नाही. राजाला माझ्या मिशा आल्या. बरं वाटलं — आता तिच्याजवळ —
नाणं उलटलं. ती. पुन्हा उलटलं. मी.
पाठीला पाठ. म्हणजे आम्ही एकमेकांना कधीच —
रुखमि